टाकीतली झाडं, सोड्याचे बुडबुडे आणि काळी दाढी

कॉलेजातला तो प्रयोग आठवतोय? बीकरमध्ये हायड्रिलाच्या काड्या, त्यांच्यावर उपडं फनेल, फनेलच्या नळीवर पाण्यानं भरलेली परीक्षानळी आणि सगळं खिडकीशी उन्हात. थोड्या वेळानं काड्यांच्या कापलेल्या टोकांतून बारीक बुडबुडे सुटायला लागायचे. सर सांगायचे, हा ऑक्सिजन. मग चिमूटभर खाण्याचा सोडा टाकायचा आणि मिनिटाला किती बुडबुडे ते पुन्हा मोजायचं. आकडा वाढायचा. जर्नलमध्ये 'निष्कर्ष' लिहून आम्ही मोकळे. सोड्यानं बुडबुडे का वाढले, हे आम्ही विचारलं नाही आणि सरांनीही ताणून धरलं नाही. मला ते कळायला पुढची वीस वर्षं आणि दोन फुटांची एक काचेची टाकी लागली.

टाकी अगदी साधी. दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. माती-दगडांची जागा सोडली तर पाणी साठेक लिटर. आधी त्यात गप्पी होते, रंगीत खडे होते आणि प्लास्टिकचं एक झाड. मग 'प्लांटेड टँक'चे फोटो बघण्यात आले आणि डोकं फिरलं. पाण्याखाली अख्खं जंगल उभं करायचा हा नाद जगभर पसरवला तो जपानचे छायाचित्रकार ताकाशी अमानो (१९५४-२०१५) यांनी. आयुष्याच्या शेवटी त्यांनी लिस्बनच्या मत्स्यालयासाठी टाकी केली, लांबी ४० मीटर. आमची दोन फूट. पण हौसेला कुठे मोजमाप असतं! चांगला एलईडी लाइट आणला, काळी पोषक माती आणली, पाच-सहा जातींची झाडं लावली. आई म्हणाली, "माशांना गवत कशाला रे?"

महिन्याभरात गवताला दाढी आली. पानांच्या कडांवर, दगडांवर, फिल्टरच्या नळीच्या तोंडाशी काळ्या केसांचे आखूड, दाट पुंजके. बोटानं चोळलं तरी हलत नाहीत. दुकानदार म्हणाला, लाइट कमी करा. दुसरा म्हणाला, खत बंद करा. तिसऱ्यानं शेवाळ मारायचं औषध हातात ठेवलं. कार्बन डायऑक्साइडचं नाव कुणीच काढलं नाही.

कार्बनची टंचाई

झाड वाळवून तोललं तर त्याच्या वजनातला चाळीस टक्क्यांहून अधिक भाग कार्बनचा निघतो. नायट्रोजन दोन-चार टक्के, फॉस्फरस त्याहून कितीतरी कमी. म्हणजे झाड ही एक इमारत धरली तर विटा कार्बनच्या, बाकी सगळं सिमेंट, खिळे आणि वायरिंग. आपण टाकीत खतं ओततो तेव्हा खिळ्यांची पोती आणून टाकतो. विटांचा ट्रक आलाय का, ते बघत नाही.

या विटा म्हणजे कार्बन डायऑक्साइड, हौशी मंडळींच्या भाषेत 'सीओटू'. हवेत तो जेमतेम ०.०४ टक्के असतो. हवेशी बरोबरी साधलेल्या पाण्यात, २५ अंश तापमानाला, तो लिटरमागे ०.६ मिलिग्रॅमच्या आसपास असतो. लिटरमागे एक मिलिग्रॅम म्हणजे एक पीपीएम. झाडं जोमात वाढवायची तर टाकीत हौशी लोक २० ते ३० पीपीएम ठेवतात. किती तफावत आहे बघा.

बरं, नुसतं प्रमाण कमी असतं तरी चाललं असतं. पण पाण्यात हा वायू सरकतोही फार हळू, हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट हळू. हवेतला सीओटूचा रेणू म्हणजे मोकळ्या रस्त्यावरचा सायकलवाला. पाण्यातला म्हणजे संध्याकाळी साडेसहाला दादर स्टेशनच्या जिन्यावर अडकलेला माणूस. शिवाय प्रत्येक पानाला पाण्याचा एक पातळ, न हलणारा थर चिकटलेला असतो. पानानं त्या थरातला सीओटू संपवला की पुढचा रेणू यायला वेळ लागतो. म्हणून टाकीत पाण्याचा प्रवाह हवा. झाडं किंचित डुलताना दिसली पाहिजेत. कोपऱ्यातलं झाड ढिम्म उभं असेल, तर बाकी टाकीत ३० पीपीएम असूनही ते उपाशी असू शकतं. माझी काळी दाढी सगळ्यात आधी अशाच एका कोपऱ्यात उगवली होती.

मग तळ्यातली झाडं कशी जगतात? कमळ आणि शिंगाडा पानं वर तरंगती ठेवून थेट हवेतून घेतात. काही झऱ्यांत, ओढ्यांत जमिनीखालून येणाऱ्या पाण्याबरोबर सीओटू भरपूर येतो, तळाचा गाळ कुजूनही तो सुटतो. आणि काही झाडांनी वेगळीच युक्ती काढलेली आहे. पाण्यात कार्बन आणखी एका रूपात असतो, बायकार्बोनेट. जड पाण्यात तर तो सीओटूच्या कितीतरी पट असतो. हायड्रिला आणि व्हॅलिसनेरिया यांना तो वापरता येतो. तो कॉलेजातला चिमूटभर सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेटच. हायड्रिलाला आयता कार्बन मिळाला आणि बुडबुडे वाढले. हायड्रिलाचा आणखी एक गुण असा की पाणी तापलं, सीओटू आटला की ती आपल्या पेशींतली यंत्रणाच बदलते आणि मका-उसाच्या धर्तीवर कार्बन साठवून वापरायला लागते. आपल्या तळ्यांत ती इतकी का माजते, ते यावरून कळेल.

पण टाकीत आपण हायड्रिला लावत नाही. लावतो रोटाला, क्रिप्टोकोरीन, गालिच्यासारखी पसरणारी नाजूक झाडं. यांतली बरीचशी मुळात पाण्याखालची नाहीतच, ती पाणथळ जागची. रोटालाच्या कितीतरी जाती आपल्या पश्चिम घाटातल्या आहेत. कासच्या पठारावर पांढऱ्या बटणांसारखा डोलणारा गेंद पाहिला असेल, त्याचे भाऊबंदही हल्ली टाक्यांत मिरवतात. ही झाडं चार महिने पाण्यात पाय आणि हवेत डोकं ठेवून जगणारी. रोपवाटिकेतही ती बहुतेकदा हवेतच वाढवलेली असतात. आपण ती आणून पूर्ण बुडवतो. हवेतली जुनी पानं मग गळतात, विरघळतात आणि झाडाला पाण्याखालची नवी पानं काढावी लागतात. त्यासाठी कार्बन हवा, आणि नेमका तोच नाही. बायकार्बोनेट यांतल्या बहुतेकांना धड वापरता येत नाही. त्यामुळे कुणी 'टाकीत सोडा टाका' असं सुचवलं तर टाकू नका. पाणी नुसतं जास्त क्षारीय होईल, रोटाला तशीच उपाशी राहील.

शेवाळ कुठून येतं

आपल्याकडे 'शेवाळ' हा एकच शब्द फार ठिकाणी राबतो. न्हाणीघरातली बुळबुळ, विहिरीच्या कठड्यावरचा हिरवा मखमली थर, तळ्यातले तंतू, सगळं शेवाळच. त्यामुळे "टाकीत शेवाळ आलंय" या वाक्यातून काहीच कळत नाही. कुठलं, ते सांगावं लागतं. त्याकडे पुढे येतोच.

आधी एक गैरसमज. शेवाळ 'येत' नाही, ते असतंच. झाडांबरोबर, पाण्याबरोबर, माशांबरोबर त्याचे बीजाणू आलेलेच असतात. आणि त्याच्या गरजा इतक्या थोड्या असतात की उपाशी ठेवून ते मरत नाही. १९९०च्या दशकात या छंदात एक विचार रूढ झाला होता, की फॉस्फेट तोडा, शेवाळ आपोआप जाईल. पुढे टॉम बार या अमेरिकन हौशी अभ्यासकानं आपल्या टाक्यांत मुद्दाम भरपूर नायट्रेट-फॉस्फेट टाकून दाखवलं की सीओटू पुरेसा असेल आणि झाडं जोमात असतील तर नुसत्या फॉस्फेटनं शेवाळ माजत नाही. मला हे पटायला वेळ लागला. 'खत बंद करा' हा सल्ला ऐकायला इतका सरळ वाटतो!

झालेलं असं असतं. प्रकाश भरपूर, त्यामुळे झाडाला काम करायचंय, पण कार्बन नाही. झाड अडकतं. जुनी पानं पोसता येत नाहीत, त्यांच्यातून साखरेसारखे पदार्थ आणि नायट्रोजन झिरपायला लागतो. अशा दुबळ्या पानावर शेवाळाला जागाही मिळते आणि खाऊही. उलट बहुतेक शेवाळांकडे पेशीत कार्बन गोळा करून ठेवायची सोय असते. निळ्या-हिरव्या प्रकारात तर ती फारच तयारीची. थोडक्यात, टंचाईच्या गावात ज्याच्या घरी टाकी आहे त्याला पाणीकपात जाणवत नाही.

त्याहून वाईट म्हणजे चढ-उतार. झाड कार्बन पकडतं ते रुबिस्को नावाच्या विकरानं, म्हणजे एन्झाइमनं. हे विकर मोठं आहे, मंद आहे आणि चुकून ऑक्सिजनही पकडणारं आहे. सीओटू कमी असला की झाडाला भरपूर रुबिस्को बनवून ठेवावं लागतं, त्यात नायट्रोजन आणि ऊर्जा खर्ची पडते. सीओटू वाढला की तेच बळ ते प्रकाश टिपण्याकडे वळवतं. ही मांडामांड बदलायला झाडाला दिवस, कधी आठवडे लागतात. सोमवारी ३०, बुधवारी ५, शनिवारी पुन्हा २५ पीपीएम असं चाललं तर झाड कशाशीच जुळवून घेत नाही. माझ्या टाकीतल्या दाढीचं मूळ मला शेवटी इथेच सापडलं. सीओटू द्यायला लागल्यावर ती कमी होण्याऐवजी वाढली होती, कारण मी तो यीस्टनं देत होतो.

यीस्ट, लिंबूसत्व आणि नळकांडं

यीस्टची पद्धत घरगुती. दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत साखर, कोमट पाणी, चमचाभर यीस्ट. यीस्ट साखर खातं, मद्यार्क आणि सीओटू तयार होतो, नळीवाटे टाकीत जातो. २०० ग्रॅम साखरेतून कागदावर शंभरेक ग्रॅम सीओटू निघतो. पण कागदावरच. पहिले तीन दिवस बाटली अशी उसळते की नळीतून फेस टाकीत यायची भीती, दुसऱ्या आठवड्यात मरगळते, आणि थंडीच्या दिवसांत तर हलायलाच तयार नाही. मद्यार्क वाढला की यीस्ट त्यातच मरतं. बंद करायचं बटण नाही, रात्रीही चालूच. स्वस्त आहे, मजा आहे, घरात ताडीसारखा वास येतो. पण स्थिर नाही. टाकी दहा लिटरची असेल तर करून बघा. मोठीसाठी मी सांगणार नाही.

दुसरी पद्धत आपल्याकडे सध्या जोरात आहे, लिंबूसत्व आणि खाण्याचा सोडा. २०० ग्रॅम सोडा, तेवढंच लिंबूसत्व, पाणी आणि वर दाबाचा काटा असलेली स्टीलची बाटली. २०० ग्रॅम सोड्यातून जवळपास १०५ ग्रॅम सीओटू मिळतो. हा दाब बाटलीत साठतो आणि सुई-झडपेनं थेंबाथेंबानं सोडता येतो. दोन्ही पदार्थ किराणा दुकानात मिळतात. साध्या प्लास्टिकच्या बाटल्यांवर हा प्रयोग मात्र करू नका. दाब बराच चढतो आणि बाटली फुटली तर डोळा जाऊ शकतो.

तिसरी म्हणजे सीओटूचं सिलिंडर, बरेच जण आगविझवणीचं दोन किलोचं घेतात. त्यावर रेग्युलेटर, सुई-झडप, बुडबुडे मोजायची छोटी नळी आणि टाकीत बारीक फवारा करणारा डिफ्यूजर. आत सीओटू द्रवरूप असतो. त्यामुळे द्रव शिल्लक असेपर्यंत काटा जागचा हलत नाही, आणि हलला की समजायचं आता थोडंच उरलंय. काही स्वस्त रेग्युलेटर याच शेवटच्या टप्प्यात जास्त गॅस सोडतात आणि त्यात टाक्याच्या टाक्या मेल्या आहेत. काटा पडायला लागला की सिलिंडर बदला, शेवटचा थेंब पिळायला जाऊ नका. आणखी एक, सीओटू ३१ अंशांच्या वर द्रवरूप राहूच शकत नाही. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात सिलिंडर खिडकीशी उन्हात ठेवलं तर दाब कुठल्या कुठे जातो. ते सावलीत आणि उभंच ठेवायचं.

'लिक्विड कार्बन' नावानं बाटलीत मिळतं त्यात सहसा ग्लुटारअल्डिहाइड असतं, म्हणजे दवाखान्यात उपकरणं निर्जंतुक करायला वापरतात ते. शेवाळ त्यानं मरतं हे खरं, पण कार्बनचा पुरवठा म्हणून त्याच्यावर विसंबू नये. व्हॅलिसनेरिया तर त्यात विरघळून जाते. नाकाशी नेऊ नका.

किती झाला, ते कसं कळायचं

बुडबुडे मोजून नाही. 'सेकंदाला एक' हा माझ्या झडपेचा एक, तुमचा वेगळा. उपयोग एवढाच की कालच्यापेक्षा आज बदल झाला का ते कळतं.

सीओटू पाण्यात विरघळला की थोडं कार्बोनिक आम्ल होतं आणि पीएच उतरतो. किती उतरेल ते पाण्यातल्या बायकार्बोनेटवर ठरतं. त्याला केएच म्हणतात आणि तो मोजायला थेंबांचं किट मिळतं. दोन्ही माहीत असतील तर सीओटूचा अंदाज बांधता येतो. ७ मधून पीएच वजा करा, १० चा तितकावा घात घ्या, त्याला केएचनं आणि मग ३ नं गुणा. केएच ४ असेल आणि पीएच ६.६, तर उत्तर ३०. केएच १२ असेल तर पीएच ७.१ असतानाच तुम्ही तिशीच्या जवळ पोचलेले असता. मुंबईत तलावांचं नळाचं पाणी मऊ, तर शहराबाहेरच्या नव्या सोसायट्यांत बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी. त्यामुळे 'माझा पीएच इतका आहे, तुझाही तितकाच ठेव' या सल्ल्याला अर्थ नाही.

या गणितात खोट अशी की टाकीच्या पाण्यात इतरही आम्लं असतात, लाकडातून, मातीतून आलेली. ती हिशेब बिघडवतात. म्हणून ड्रॉप चेकर नावाची एक गोड वस्तू आहे. काचेचा छोटा लोलक, आत केएच ४ चं तयार द्रावण आणि पीएचप्रमाणे रंग बदलणाऱ्या ब्रोमोथायमॉल ब्लूचे दोन थेंब. लोलक टाकीत उपडा लावायचा, द्रावण आणि टाकीचं पाणी यांच्यामध्ये हवेचा कप्पा राहतो. त्या कप्प्यातून फक्त वायू जातो, आम्लं नाहीत. निळा रंग म्हणजे सीओटू कमी, हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे माशांकडे बघा. पण हा भिडू वेळ लावतो, दीड-दोन तास मागे असतो. आत्ता हिरवा दिसतोय म्हणजे दोन तासांपूर्वी ठीक होतं.

म्हणूनच सीओटू लाइटच्या आधी सुरू करतात. माझा गॅस दुपारी २ ला सुरू होतो, लाइट ४ ला लागतो. गॅस १० ला बंद, लाइट ११ ला. रात्री झाडंही श्वास घेतात आणि सीओटूच सोडतात, तेव्हा गॅसचा काही उपयोग नाही, उलट धोका.

तो धोका मी एकदा पाहिलाय. लिंबूसत्वाची बाटली नवी होती, झडप हाताची, विजेवर चालणारी नव्हती. मे महिना. मी बाहेर होतो आणि दुपारी लाइट गेली. टाकीवरचा लाइट गेला, फिल्टर थांबला, पाण्याची हालचाल थांबली. गॅस मात्र इमानेइतबारे चालू. संध्याकाळी आलो तर सगळे टेट्रा मासे वर, तोंडं पाण्याबाहेर, आणि तीन तळाशी आडवे. ऑक्सिजन कमी पडला असं वाटतं, पण तेवढंच नसतं. पाण्यात सीओटू फार झाला की माशाच्या रक्तातला सीओटू कल्ल्यांवाटे बाहेर पडत नाही, रक्त आम्लधर्मी होतं आणि हिमोग्लोबिनची ऑक्सिजन धरायची ताकदच घटते. पाण्यात ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो. त्यात गरम पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो. २५ अंशांना लिटरला ८.३ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना ७.५. मी गॅस बंद केला, तोवर लाइट आली होती, एअरपंप जोरात लावला, अर्धं पाणी बदललं. बाकीचे वाचले. दुसऱ्या दिवशी सोलेनॉइड आणला. ही विजेवरची झडप वीज असेल तरच उघडी राहते, गेली की आपोआप मिटते. लाइटच्याच टायमरसारखा तिलाही टायमर. सीओटूच्या सामानात पैसे कुठे वाचवायचे ते वाचवा, इथे वाचवू नका.

कुठलं शेवाळ, काय करायचं

नव्या टाकीत काचेवर तपकिरी धूळ बसते, ती डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाची. बोटानं पुसली की जाते. बहुतेकदा महिना-दीड महिन्यात ती आपली आपण संपते. त्यासाठी कुठलंही औषध घेतलंत तर पैसे वाया. काचेवर आणि जाड पानांवर हिरवे, टणक ठिपके, नखानं खरवडावे लागतात असे, म्हणजे बहुधा फॉस्फेट कमी. हो, कमी! पाणी वाटाण्याच्या सूपासारखं हिरवं झालं असेल तर तीन दिवस टाकी चादरीनं पूर्ण झाका, एअरपंप चालू ठेवा. निळसर-हिरवी साय, जी उचलली तर पापुद्र्यासारखी निघते आणि कुबट वास मारते, ती खरं तर शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू (वर निळा-हिरवा प्रकार म्हटला तो हाच). साचलेला गाळ, मंद प्रवाह आणि बऱ्याचदा नायट्रेटची चणचण ही तिची आवडती जागा. त्यावर प्रतिजैविकं वापरणारे लोक आहेत. घरातल्या मोरीत प्रतिजैविकं ओतणं मला पटत नाही. साय ओढून काढा, प्रवाह वाढवा, काळोख द्या.

आणि काळी दाढी. ही लाल शेवाळाच्या कुळातली, दिसते काळी. मेली की गुलाबी होते, तेव्हा तिचं खरं कूळ दिसतं. केमिस्टकडे मिळणारं हायड्रोजन पेरॉक्साइड बहुधा ६ टक्क्यांचं असतं. फिल्टर बंद करून साठ लिटरला ५-६ मिलीलिटर, सिरिंजनं थेट पुंजक्यावर, पाच-दहा मिनिटं थांबून फिल्टर सुरू. दोन दिवसांत पुंजके गुलाबी होतात, कोळंबी ते आवडीनं खाते. पण एवढ्यावर थांबलात तर महिन्यानं दाढी परत. माझ्याकडे ती तीनदा परत आली. चौथ्या वेळी मी औषध न आणता तीन गोष्टी केल्या. यीस्ट सोडून लिंबूसत्वाच्या बाटलीवर आलो, फिल्टरच्या पाण्याचं तोंड त्या ढिम्म कोपऱ्याकडे वळवलं आणि लाइट दहा तासांवरून सातवर आणला.

लाइटचं महत्त्व सांगायचं राहिलंच. लाइट हा गाडीचा एक्सिलरेटर. तो दाबला की झाडाची सगळी भूक वाढते, आधी कार्बनची, मग खतांची. सीओटू न देता टाकी चालवायची असेल तर तेही उत्तम जमतं. पण मग लाइट मंद हवा आणि झाडं सोशिक हवीत, अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरीन, व्हॅलिसनेरिया. बिघडतं ते महागडा लाइट आणि रिकामा सिलिंडर या जोडीनं. डेन्मार्कमध्ये रिक्सिया या पाणवनस्पतीवर झालेल्या प्रयोगांत एक गमतीची गोष्ट दिसली होती, मंद प्रकाशातही सीओटू दिला की वाढ बरीच सुधारते. रुबिस्कोवरचा खर्च वाचतो, तो हरितद्रव्यावर लागतो. म्हणजे पैसे थोडे असतील तर आधी लाइट नको, सीओटू घ्या.

खतांचं थोडक्यात. मत्स्यालयाच्या दुकानातल्या बाटल्या महाग असतात. आपल्याकडे प्रत्येक तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्रात द्राक्ष-डाळिंबवाले ठिबकमधून सोडतात ती विद्राव्य खतं मिळतात. १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, ०:५२:३४ म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट. साठ लिटरला एक ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट टाकलं की नायट्रेट सुमारे १० पीपीएमनं वाढतं. किलोभराची पिशवी माझ्या नातवंडांनाही पुरेल. दर रविवारी अर्धं पाणी बदलायचं, म्हणजे साठलेलं जास्तीचं निघून जातं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी मारून घ्यायचं. युरिया आणि अमोनियाची खतं मात्र टाकीत नकोत. अमोनिया आणि प्रकाश एकत्र आले की हिरवं पाणी ठरलेलं, आणि माशांना तर ते विषच.

आता माझ्या टाकीत ४ ला लाइट लागतो. साडेपाचच्या सुमारास रोटालाच्या शेंड्याशी पहिला मोती दिसतो. पानाच्या कडेला चिकटलेला, टाचणीच्या डोक्याएवढा ऑक्सिजनचा बुडबुडा. मग दुसरा, मग धाग्यासारखी रांग. पाणी ऑक्सिजननं भरून गेल्याशिवाय हे मोती दिसत नाहीत. (पाणी बदलल्यावर लगेच सगळीकडे जे बुडबुडे चिकटतात ते हे नव्हेत, ते नळातून आलेले.) शेजारचा सातवीतला मुलगा परवा काचेला नाक लावून विचारत होता, "काका, यात सोडा वॉटर भरलंय का?" फारसा चुकीचा नव्हता तो.

फिल्टरच्या नळीच्या मागच्या बाजूला, समोरून दिसणार नाही असा, काळ्या दाढीचा एक पुंजका अजून आहे. मी तो मुद्दाम काढत नाही. तो आहे तेवढाच राहतोय, तोवर ठीक. वाढायला लागला की आधी जाऊन बाटलीचा काटा बघतो.